कठीण झालेले मन प्रभूपुढे कसे आणावे : तयारी, क्रम आणि वारंवार होणाऱ्या चुका

सोलापुरातील घरगुती प्रार्थनासभांमध्ये मी एकच गोष्ट वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. आपले मन कठीण झाले आहे हे ज्याला स्वतःला उमगते, तो मनुष्य सुरुवात तळमळीनेच करतो. तरीही दोन-तीन महिन्यांत तो पूर्वीच्याच जागी येऊन थांबतो आणि "माझ्यात काही फरकच पडत नाही" असे म्हणून प्रार्थनाही सोडून देतो. अशा वेळी उणीव बहुधा इच्छेची नसते, क्रमाची असते. जे देवापुढे एकांतात उरकावयाचे ते तो माणसापुढे जाऊन बोलतो, आणि जे माणसाच्या दारी जाऊन करावयाचे ते देवापुढे बोलून मोकळा होतो. हा लेख त्या क्रमासाठी लिहिला आहे. मी पाळक (मंडळीचा धर्मगुरू) नाही, मंडळीतील एक वडील, म्हणजे मंडळीची जबाबदारी सांभाळणारा ज्येष्ठ सभासद, आहे, आणि पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मन पालटणे हे आपल्या हातचे काम नव्हे. यहेज्केल ३६:२६ मध्ये पाषाणमय हृदय काढून टाकणारा आणि मांसमय हृदय देणारा देवच आहे. पुढील टप्पे म्हणजे केवळ मशागत आहे. पाऊस पाडण्याचे यंत्र म्हणून ते कोणी वापरू नयेत.

सुरुवात करण्यापूर्वी : हे कठीणपणच आहे ना, ते तपासा

मार्क ३:५ मध्ये, हात वाळलेल्या मनुष्याभोवती उभ्या असलेल्या लोकांच्या मनाचा कठीणपणा पाहून येशू खिन्न झाला असे लिहिले आहे. तेथे मूळ ग्रीक भाषेत 'पोरोसिस' हा शब्द आहे आणि त्यात घट्टा पडण्याचा अर्थ आहे. सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांनी यंत्रमागावर उभ्याने पाळ्या काढल्या आहेत त्यांना घट्टा काय असतो हे सांगावे लागत नाही. तो एका दिवसात पडत नाही. रोजच्या घर्षणाच्या जागी, थरावर थर चढून पडतो. तो हाताचे रक्षणच करतो, पण त्या रक्षणापायी तेवढ्या जागेचा स्पर्श जातो. ब्लेडने कापायला गेले तर रक्त येते. कोमट पाण्यात भिजवून, थोडा थोडा घासूनच तो उतरवावा लागतो. मनाच्या बाबतीत हे तिन्ही गुण लक्षात ठेवावेत, कारण पुढील सर्व टप्प्यांची रीत त्यांवरूनच ठरते.

कठीण मनाचा मनुष्य रागीट असतोच असे नाही. तो शांत, नियमित उपासनेस येणारा, दशमांश देणाराही असू शकतो. मी ज्या खुणांवरून ओळखतो त्या अशा: उपदेश ऐकताना "हे अमक्याने ऐकायला हवे होते" असे वारंवार वाटते, एका ठरावीक माणसाचे नाव निघाले की आपला आवाज सपाट होतो, त्याच्या घरी काही अडचण आल्याचे कळले की आत कुठेतरी बरे वाटते, आणि प्रभूच्या प्रार्थनेत ऋणे सोडण्याचे वाक्य आले की ते आपण भरभर म्हणून पुढे जातो. यांपैकी शेवटची खूण मला सर्वांत विश्वसनीय वाटते.

सावधान. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप आणि भूक उडाली असेल, पूर्वी आवडणाऱ्या कशातही रस उरला नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर तो मनाचा कठीणपणा नव्हे, आजार असू शकतो. त्या माणसाला पश्चात्ताप करावयास सांगणे म्हणजे ताप आलेल्याला आळशी ठरवण्यासारखे आहे. त्याला सरकारी सर्वोपचार रुग्णालयातील अथवा अन्य मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. प्रार्थना उपचाराच्या जोडीने चालू ठेवावी, उपचाराऐवजी नव्हे.

दुसरी सावधानता. ज्या बहिणीला घरात मारहाण होते तिच्या हाती हा लेख कोणी "तुझे मन कठीण झाले आहे" असे म्हणून देऊ नये. आधी तिची सुरक्षितता. १८१ (महिला मदतवाहिनी) व ११२ (तातडीची मदत) हे क्रमांक तिच्यापाशी असावेत. क्षमा करणे आणि त्याच छताखाली परत जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पाळकांनी व मंडळीच्या वडिलांनी त्या एक करू नयेत.

तयारी : वाफसा आल्याशिवाय नांगर घालू नका

होशेय १०:१२ मध्ये आणि यिर्मया ४:३ मध्ये पडीत जमीन नांगरण्याची आज्ञा आहे. आपल्या काळ्या रानात नांगर केव्हा घालावा हे ठरलेले असते. पावसाच्या दुसऱ्याच दिवशी घातला तर मातीचे लोंदे निघतात आणि ते वाळले की त्यांची दगडासारखी ढेकळे होतात, म्हणजे जमीन नांगरूनही अधिक कठीण होते. फार उशीर केला तर फाळ आत शिरत नाही. म्हणून जाणता शेतकरी मूठभर माती दाबून तिचा गोळा करतो आणि कमरेच्या उंचीवरून सोडतो. गोळा पडून फुटला आणि माती मोकळी झाली, तर वाफसा आला. चिकटून राहिला, तर अजून थांबायचे.

मनाचाही वाफसा असतो. भांडणाच्या दुसऱ्या दिवशी, घरातील मयतीच्या आठवड्यात, किंवा संजीवन सभेत भरून आलेल्या रात्री मोठे निर्णय घेऊ नका आणि कोणाच्या दारीही जाऊ नका. मी लोकांना एक साधी कसोटी सांगतो: जे घडले ते पाच वाक्यांत, आवाज न चढवता, मधेच न थांबता, विश्वासातील एका व्यक्तीला सांगता येते का? येत असेल तर माती मोकळी झाली आहे.

यावर कोणी इब्री ३:१५ दाखवून म्हणेल की तेथे तर "आज" असे म्हटले आहे. ते खरेच आहे. पण आज करावयाचे आहे ते ऐकणे आहे. तेथे "त्याची वाणी ऐकाल" तर मन कठीण करू नका असे शब्द आहेत. पहिले दोन टप्पे आजच सुरू करता येतात. वाफशाची वाट पाहायची ती तिसऱ्या टप्प्यापासून.

लागणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत. एक साधी वही, जी घरात दुसऱ्या कोणाच्या हाती पडणार नाही. छापील शास्त्र, मोबाइलवर वाचू नये, कारण मधेच येणारा एक संदेश सगळी बैठक मोडतो. रोज २० मिनिटांचा ठरलेला वेळ. पाळीवर जाणाऱ्यांनी तो निघण्यापूर्वीचा धरावा, कारण रात्री परतल्यावर थकलेल्या अंगाने झोपच येते. सुमारे सहा आठवड्यांची मुदत. ईस्टरपूर्वीच्या उपवासकालाचे ४० दिवस यासाठी सोयीचे पडतात, परंतु त्यासाठी वर्षभर थांबण्याचे कारण नाही.

आणि एक सोबती. याची निवड लोक घाईने करतात. सोबती आपल्याच लिंगाचा असावा, त्या वादातील नातेवाईक नसावा, आणि मुख्य म्हणजे त्याने दुसऱ्या कोणाची गोष्ट आपल्याला कधी सांगितलेली नसावी. ज्याने दुसऱ्याचे गुपित आपल्यापाशी उघडले, तो आपलेही उघडणार.

टप्पा १ : घर्षण थांबवा

ज्या प्रसंगाने मन कठीण झाले त्याची हकीकत सात दिवस कोणालाही सांगू नका. नातेवाइकांच्या लग्नात नाही, उपासनेनंतर आवारात नाही, व्हॉट्सॲपवर तर मुळीच नाही. प्रत्येक वेळी सांगताना आपण ती थोडी अधिक सुबक करतो, आपली बाजू थोडी अधिक उजळ होते आणि घट्ट्यावर आणखी एक थर चढतो. या आठवड्यात वेगळी प्रार्थनाही करण्याची गरज नाही. केवळ न सांगणे एवढेच.

*पडताळा:* सात दिवसांत तीनपेक्षा जास्त वेळा तोंडून निघाले असेल तर आणखी एक आठवडा हाच टप्पा करा. पुढे जाण्याची घाई करून काही मिळत नाही.

टप्पा २ : वचनापुढे बसा आणि कठीण जागा सापडू द्या

उतारे फार नकोत. मार्क ४:१–२०, मत्तय १८:२१–३५ आणि लूक १५:११–३२ हे तीन पुरेत; एकेक उतारा चार-पाच दिवस, रोज तोच, मोठ्याने वाचावा. रोज नवा अध्याय वाचण्याची सवय असलेल्यांना हे कंटाळवाणे वाटते. तरीही बदलू नका. कठीण जागेवर पाणी एकदा ओतून चालत नाही, ते मुरावे लागते.

वाचून झाल्यावर वहीत एकाच प्रश्नाचे उत्तर लिहावे: "या उताऱ्यात आज मी कोण आहे?" येथील ठरलेली चूक म्हणजे लूक १५ मधील दोन मुलांच्या दाखल्यात प्रत्येक वेळी धाकटा पुत्र होणे. दूरदेशी गेलेल्या, रडत परतलेल्या मुलाच्या जागी स्वतःला पाहणे सोपे आहे, त्यात एक प्रकारचा गोडवाही आहे. ज्याचे मन कठीण झाले आहे त्याने थोरल्या मुलाजवळ जाऊन उभे राहावे. तो घर सोडून कधी गेला नाही, शेतात राबला, त्याने आज्ञा मोडली नाही. आणि तरी मेजवानीच्या दाराबाहेर तोच आहे. तो "माझा भाऊ" म्हणत नाही, बापाला "हा तुमचा मुलगा" म्हणतो. आपण कोणाचा उल्लेख असा करतो, ते त्या दिवशी वहीत लिहावे. आमच्या घरांत "तुमच्या भावाचा फोन आला होता" हे वाक्य जितक्या वेळा ऐकू येते, तितक्या वेळा मला हा उतारा आठवतो.

तिन्ही उतारे झाले की स्तोत्र १३९:२३ मधील "हे देवा, माझी झडती घे" ही प्रार्थना करून गप्प बसावे. मग जे समोर येईल ते नाव, प्रसंग आणि साधारण काळ यांसह एका वाक्यात लिहावे. "माझे मन कठीण झाले आहे" हे वाक्य निरुपयोगी आहे. ते सर्वांना लागू पडते म्हणून कोणालाच बोचत नाही.

माझ्या बाबतीत ते वाक्य एका वहीविषयी होते. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात रुग्णालयाचा खर्च मी आणि धाकट्या भावाने निम्मा-निम्मा करावयाचा ठरले होते, आणि हिशेब माझ्याकडे होता. भावाने त्याचा वाटा पुरता दिला नाही म्हणून मी नऊ वर्षे त्याच्याशी कामापुरतेही बोललो नाही. उपासनेत तो डावीकडे बसे म्हणून मी उजवीकडे बसत असे. ती वही मी कपाटात कागदपत्रांच्या पिशवीत जपून ठेवली होती. झडतीची प्रार्थना करून गप्प बसलो तेव्हा मला भावाची चूक आठवली नाही; वहीतील एक पान आठवले. रुग्णालयाच्या व्हरांड्यात भावाने माझ्या पत्नीच्या हाती औषधांसाठी ६,००० रुपये रोख दिले होते. तिने त्याच संध्याकाळी मला सांगितले होते. मी ते लिहिले नव्हते. विसरलो असे मी नऊ वर्षे स्वतःला सांगत आलो होतो, पण त्या दिवशीच्या पानावर रिक्षाचे ४० रुपयेसुद्धा लिहिलेले होते.

टप्पा ३ : दोन याद्या, दोन वेगवेगळ्या पानांवर

सर्वांत जास्त घोळ येथेच होतो, म्हणून हा टप्पा सावकाश वाचावा.

डाव्या पानावर लिहा: माझ्या मनात कोणाविरुद्ध काय आहे. उजव्या पानावर लिहा: कोणाच्या मनात माझ्याविरुद्ध काय असू शकेल. दोन्ही पाने एकाच दिवशी भरू नका. डावे पान एका बैठकीत भरते. उजव्या पानाला तीन-चार दिवस लागतात आणि ते रिकामे राहिले तर सोबत्याला विचारावे लागते.

आता शास्त्र काय सांगते ते पाहा. मार्क ११:२५ म्हणते की तुम्ही प्रार्थनेला उभे राहता तेव्हा कोणाविरुद्ध तुमच्या मनात काही असल्यास त्याची क्षमा करा. म्हणजे डाव्या पानाचा निकाल प्रार्थनेच्या जागीच लागतो. त्यासाठी कोणाच्या घरी जायचे नाही. मत्तय ५:२३–२४ म्हणते की वेदीजवळ अर्पण आणल्यावर तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. म्हणजे उजव्या पानासाठी उठून जायचे आहे. तेथे नुसती प्रार्थना पुरत नाही, इतकी की अर्पणही थांबवून ठेवायचे आहे.

आपण नेमके उलट करतो. ज्याने आपल्याला दुखावले त्याच्या घरी जाऊन "मी तुला क्षमा केली आहे" असे जाहीर करतो, आणि त्याला ते आरोपासारखे लागते, कारण तो आरोपच असतो. आणि आपण ज्याला दुखावले त्याच्यासाठी मात्र घरी बसून प्रार्थना करतो. या एका उलटापालटीने मी पाहिलेली निम्मी भांडणे पुन्हा पेटली आहेत.

मत्तय १८:१५ हे तिसरे वचन येथे कोणीतरी काढतेच: भावाने अपराध केला तर जाऊन त्याला एकांतात दाखव. ती आज्ञा आहेच. पण तिचा हेतू भावाला मिळवणे हा आहे, आणि ती पाळण्याची वेळ उजवे पान मोकळे झाल्यावर येते, आधी नव्हे. शिवाय एकांतात म्हणजे एकांतात. कमिटीच्या बैठकीत नव्हे.

*पडताळा:* उजव्या पानावर एकही नाव नसेल तर टप्पा २ नीट झालेला नाही. मागे जा.

टप्पा ४ : देवापुढे कबुली

मिसरचा राजा फारो याने देवाने पाठवलेल्या पीडांच्या वेळी "मी पाप केले आहे" असे दोन वेळा म्हटले आहे. निर्गम ९:२७ आणि १०:१६ काढून पाहा. दोन्ही वेळा त्याची मागणी एकच होती: ही पीडा दूर करा. गारा थांबल्या, टोळ गेले, आणि त्याचे मन पुन्हा होते तसे झाले. दावीद राजा नाथान संदेष्ट्यापुढे दोषी ठरला तेव्हा त्याने स्तोत्र ५१ मध्ये जे मागितले ते निराळे आहे. तो शुद्ध हृदय मागतो. आपली कबुली कोणत्या जातीची आहे हे ओळखण्यासाठी तिच्यातील मागणी पाहावी. बेचैनी जावी, झोप लागावी, घरातील वातावरण सुधारावे एवढेच मागितले असेल, तर ती अजून पीडा हटवण्याची विनंती आहे.

कबुली वहीतून वाचावी, उजव्या पानावरून, एकेक नाव घेऊन. "पण" हा शब्द आला की थांबावे आणि ते वाक्य पुन्हा, "पण" शिवाय वाचावे. शेवटी जकातदाराची "हे देवा, मज पाप्यावर दया कर" ही एका ओळीची प्रार्थना पुरे (लूक १८:१३). १ योहान १:९ मोठ्याने वाचून उठावे.

सावधान. रडू आले नाही म्हणून कबुली खोटी ठरत नाही, आणि भरपूर रडू आले म्हणून काम झाले असेही नाही. अश्रूंना मोजमाप म्हणून वापरू नका. आमच्या प्रार्थनासभांतून ही चूक इतकी रुजली आहे की काही माणसे रडता येत नाही म्हणून यावयाचीच थांबली.

टप्पा ५ : सोबत्यापुढे कबुली

याकोब ५:१६ एवढ्यासाठीच आहे. सोबत्याला उजवे पान वाचून दाखवा, डावे नव्हे. त्याने सल्ला देऊ नये, सांत्वनाची घाई करू नये, "सगळ्यांचे असेच असते" असे तर मुळीच म्हणू नये. ऐकावे आणि नाव घेऊन प्रार्थना करावी. अर्धा तास पुरतो.

टप्पा ६ : डाव्या पानाची क्षमा

आता डावे पान काढा. क्षमा म्हणजे घडलेले विसरणे नव्हे, ते चुकीचे नव्हतेच असे म्हणणे नव्हे, आणि पूर्वीइतका विश्वास लगेच टाकणेही नव्हे. मत्तय १८ मधील धन्याने दासाला ऋण सोडले, ते ऋण नव्हतेच असे सांगून नव्हे. किती होते हे नीट मोजून ते सोडले.

म्हणून प्रत्येक नावापुढे त्या माणसाने काय घेतले ते लिहावे: पैसा, मान, झोप, मुलांचे बालपण, जे असेल ते. मग "हे ऋण मी सोडतो" असे प्रभूपुढे मोठ्याने म्हणावे आणि त्या ओळीवर रेघ मारावी. काही ओळींवर रेघ मारवत नाही. ती ओळ तशीच ठेवून पुढच्या आठवड्यात परत यावे. खोटी रेघ मारू नये.

येथे हरळीची गोष्ट सांगणे भाग आहे. हरळी वरून खुरपली तर पंधरा दिवसांत परत हिरवी होते. रान खोलवर खणून तिच्या काशा, म्हणजे जमिनीखाली पसरलेली मुळे, हाताने वेचाव्या लागतात आणि तरी काही राहतातच. इब्री १२:१५ मधील कडूपणाचे मूळ तसेच आहे. सोडलेले ऋण सहा महिन्यांनी पुन्हा मनात उगवले म्हणून पहिली क्षमा खोटी होती असे समजू नका. एक काशी राहिली होती, ती वेचा. क्षमा किती वेळा करावी याविषयी मत्तय १८:२२ मधील सत्तर वेळा सात ही संख्या मला बराच काळ निरनिराळ्या अपराधांसाठी वाटे. आता वाटते की एकाच अपराधासाठीही ती लागते.

टप्पा ७ : भरपाई, मग भेट

उजव्या पानावर जेथे पैसा, जागा, वस्तू अथवा कोणाची अब्रू गेली आहे, तेथे आधी भरपाईची तजवीज करावी आणि नंतर भेटीस जावे. गणना ५:७ मध्ये पूर्ण रक्कम आणि वर पाचवा हिस्सा देण्याचा नियम आहे. लूक १९:८ मध्ये जक्कय या जकातदाराने फसवून घेतलेल्याची चौपट परत देण्याचे कबूल केले. किती द्यावे याचा वाद मी करणार नाही, पण रिकाम्या हाताने "माफ कर" म्हणायला जाणे म्हणजे समोरच्याकडूनच आणखी काही मागणे होय. निंदा केली असेल तर ज्यांच्यापुढे केली त्यांच्यापुढे जाऊन ती मागे घ्यावी लागते. हे पैशांपेक्षा जड जाते.

भेटीची रीत अशी. कळवून जावे. एकट्याने अथवा सोबत्याला बाहेर थांबवून जावे. फोनवर उरकू नये. भाऊ-बहीण, मुले पुण्यात असतील तर सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने जाऊन त्याच रात्री परत येता येते, तेवढा एक दिवस काढावा. बोलणे तीन वाक्यांचे असावे: मी काय केले, त्याची भरपाई म्हणून काय आणले आहे, आणि तुला जे बोलायचे असेल ते मी ऐकून घेईन. चौथे वाक्य बहुतेक वेळा स्वतःच्या समर्थनाचे असते. क्षमेची मागणी करून समोरच्याला अडचणीत आणू नये, "आता तरी माफ केलेस ना?" हा प्रश्न तर टाळावाच.

ऐकून घेईन म्हटल्यावर खरोखर ऐकावे लागते. माझा भाऊ दारातच उभा राहिला. मी वहीचे पान दाखवले आणि पाकीट पुढे केले. तो म्हणाला, "दादा, नऊ वर्षांनी आठवलं का?" पुढची दहा मिनिटे तो बोलत होता, आणि त्यातील निम्मे मला तेव्हा अन्यायाचे वाटले. मी उत्तर दिले नाही. त्याने पैसे घेतले, मोजले, "ठीक आहे" म्हटले आणि दार लावून घेतले. चहा नाही, गळाभेट नाही. मी जिना उतरलो तेव्हा काही जिंकल्यासारखे वाटले नाही, पण उजव्या पानावर आता काही शिल्लक नव्हते. आठ महिन्यांनी त्याची मुलगी रुग्णालयात होती, तेव्हा रात्री ११ वाजता त्याने फोन केला तो मला.

रोम १२:१८ मध्ये "शक्य तर, तुमच्याकडून होईल तितके" असे शब्द आहेत. समोरच्याकडून काय होईल ते तुमच्या टप्प्यांत येत नाही.

व्यक्ती मरण पावली असेल तर भरपाई वारसांना द्यावी आणि कबुली पत्राच्या रूपात लिहून सोबत्यापुढे वाचावी. जेथे भेटीने समोरच्याला नवे दुःख होईल, उदाहरणार्थ त्याला माहीतच नसलेले काही उघड होऊन त्याचा संसार मोडेल, तेथे जाण्यापूर्वी पाळकांशी बोलावे. आपले ओझे हलके करण्यासाठी दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवू नये.

*पडताळा:* भेटीनंतर दोन दिवस ती भेट कशी झाली हे कोणालाही सांगू नका. सांगण्याची उबळ आली, तर आपण काय मिळवायला गेलो होतो ते त्या उबळीवरून कळते.

टप्पा ८ : प्रभुभोजन

प्रभुभोजन म्हणजे येशूच्या मरणाच्या स्मरणार्थ मंडळीने भाकर व द्राक्षारस घेणे. १ करिंथ ११:२८ आत्मपरीक्षा करून मग ती भाकर खाण्यास सांगते. खाऊ नका असे सांगत नाही. काही माणसे वाद मिटेपर्यंत वर्षानुवर्षे प्रभूच्या मेजापासून दूर राहतात आणि त्यालाच नम्रता समजतात. तुमच्या बाजूचे पाऊल टाकून झाले असेल, तर समोरचा तयार नसला तरी मेजाजवळ या.

टप्पा ९ : पुन्हा घट्टा पडू नये म्हणून

निर्गम ८:१५ मध्ये फारोने मन केव्हा कठीण केले ते लिहिले आहे: उसंत मिळाली हे पाहिल्यावर. बेडकांची पीडा असताना नव्हे, ती गेल्यावर. म्हणून सर्वांत जपण्याचा काळ भांडण मिटल्यानंतरचे पहिले दोन महिने आहे. झोप लागू लागते, उपासनेत बरे वाटते आणि वही बंद होते. या काळात आठवड्यातून एक दिवस उजवे पान उघडावे, त्या आठवड्यात कोणाला काय बोललो ते लिहावे, आणि लहान असतानाच निकालात काढावे. इफिस ४:२६ ची मुदत सूर्यास्ताची आहे.

इब्री ३:१३ एकमेकांना प्रतिदिवशी बोध करण्यास सांगते. सोबत्याला म्हणून मोकळे सोडू नका, महिन्यातून एकदा त्याने विचारावे, "डावीकडे कोण आहे, उजवीकडे कोण आहे?" आणि तुम्ही वही काढून वाचावी. माझा सोबती हा प्रश्न दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर, पायऱ्यांवर चपला घालताना विचारतो. वडिलांच्या खर्चाची जुनी वही मी फाडली नाही. त्या दिवसाच्या पानावर, रिक्षाच्या ४० रुपयांखाली, भावाचे ६,००० आता लिहिलेले आहेत.